म्हाताऱ्या इन्स्पेक्टरचा शेवटचा भाग

"अरे थापाड्या, काल केबलवाल्याकडंच लाईट नव्हती! मग तुझी बॅटरी काय डायरेक्ट अमेरिकेला जोडली होती का रे?"

रहीमचाचाच्या हॉटेलात बाकावर उभा राहून तू ओरडलास आणि शंभर माणसांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. शंभर नसतील, पन्नास असतील. पण बाजाराचा दिवस होता, प्रत्येकाच्या खांद्यावर पिशवी होती, त्यामुळं दिसायला शंभरच दिसत होते. माझा हात हवेत होता. हातात बशी होती, पण त्या घडीला ती हेलिकॉप्टर होती आणि खाली चहाच्या टेबलावर अमेरिकेचं वाळवंट पसरलेलं होतं. गॉगलवाला इन्स्पेक्टर जीप पळवत होता आणि त्याच्या पुढं एक संशयित मळणीयंत्रावर बसून पळत होता. नेमक्या अशा जागी तू मला अडवलंस.

"बॅटरीवर पाहिलं म्हणतो ना," मी म्हणालो. "ट्रॅक्टरची बॅटरी काढली आन टीव्हीला जोडली."

"टीव्हीला जोडली, मान्य. पण वायरीतून चित्र कुठून आलं? लाईट केबलवाल्याचीच गेलती!"

"त्याची गेलती. अमेरिकेची न्हवती ना गेली?"

हॉटेल असं फुटलं की चाचाच्या कढईतली भजी हसून उलटी झाली. तू मात्र सोडणारा नव्हतास. "आन अमेरिकेत मळणीयंत्र कुठून आलं?"

"तिकडं सोयाबीन आपल्याहून जास्त पिकतं. बियाणं मी विकतो का तू?"

"खाली बस, गौतमा," बाहेरून, मिरच्यांच्या ढिगामागून सुंदरमावशीचा आवाज आला. "त्याला उडू दे काय उडायचं ते. तुझं झालं ना सांगून."

तू बसलास. मी उडालो. आपल्या जवळा बाजार गावात वर्षभर दर आठवड्याला हेच चाललं होतं, आणि आता लोक माझ्या दुकानात येऊन हळू आवाजात म्हणतात, "गौतमभाऊ लई शांत माणूस होता." शांत! मी मान हलवतो. मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलायचा लोकांना हक्कच असतो, आणि या धंद्यात मी कुणाला अडवू?

हे मी तुलाच लिहून राहिलो. दुसऱ्या कुणाला पटणार नाही, आणि पटलं नाही तर बाकावर चढून ओरडणारं आता कुणी नाही.

सुरुवात आठवते का तुला? तुझा लग्नाच्या शूटिंगचा धंदा, म्हणून तुझ्याकडं टीव्ही, व्हीसीआर, मग सीडी, मग डीव्हीडी, जगात जे निघेल ते जवळ्यात आधी तुझ्याकडं यायचं. तुझा मेहुणा लंडनच्या दवाखान्यात नोकरीला. लोकांचे मेहुणे तिकडून सेंट पाठवतात, चॉकलेट पाठवतात. तुझा मेहुणा खून पाठवायचा. डब्यात सहा-सहा डिस्क, आणि प्रत्येक डब्यात एक पावसाळी गाव, एक प्रेत आणि एक दमलेला इन्स्पेक्टर. मी माझ्या घरी केबलवर इंग्रजी चॅनल लावायचो. कळायचं थोडं, दिसायचं सगळं. जे कळायचं नाही ते मी भरून काढायचो.

एका बाजारात मी चाचाकडं बसून नवी मालिका सांगत होतो. वाळवंटातलं गाव, मोटारसायकली दुरुस्त करणारं एक तरणं पोरगं, सकाळी कोरड्या कालव्यात मेलेलं सापडतं. पोरगा आदल्या सांजेला मालकाशी भांडलेला. भाऊ खोटं बोलतो. पाद्री काहीतरी लपवतो. तू भज्यांची पुडी घेऊन चालला होतास. दारातच थबकलास.

"दिग्या, हे तू कुठं पाहिलं?"

"केबलवर."

"खोटं. तू माझी डिस्क चोरून पाहिली. ही माझी गोष्ट हाय. खाडीच्या काठचं गाव, पोरगं कालव्यात, मालक, भाऊ, पाद्री. फक्त माझा इन्स्पेक्टर म्हातारा हाय आन त्याचा गुडघा दुखतो."

"माझा तरणा हाय आन गॉगल लावतो."

तुझ्या हातातली भजी थंड झाली. मी तुला चोर म्हणालो, तू मला दरोडेखोर म्हणालास. शेवटी तू एसटीडी बूथवरून थेट लंडनला फोन लावलास. मेहुण्याला ड्युटीवरून बोलावून घेतलंस. त्या बिचाऱ्याला वाटलं घरी कुणीतरी गेलं. तू त्याला विचारलंस, "कालव्यातल्या पोराचा खून अमेरिकेत पण झाला का?" मेहुण्यानं मग समजावून सांगितलं. विलायतेत एखादी मालिका चालली की अमेरिकेची माणसं ती गोष्ट विकत घेतात आणि स्वतःच्या देशात, स्वतःची माणसं घेऊन, पुन्हा नव्यानं काढतात.

तू बूथमधून बाहेर आलास तो असा चेहरा करून, जसा काही तूच दोन्ही विकत घेतल्या.

"किस्सा बी बिकता क्या?" रहीमचाचानं विचारलं.

"हौ चाचा, बिकता."

"तो मेरा भी लिखा दो कोई. घर में बहुत है."

त्या दिवसापासून जवळा बाजारात दोन पार्ट्या पडल्या. ग्रामपंचायतीला सुद्धा इतक्या स्वच्छ पडल्या नव्हत्या. म्हाताऱ्याची पार्टी तुझी, गॉगलवाल्याची माझी. नियम तूच घातलास. आधी अस्सल, मग नक्कल. आधी तू अर्धा तास म्हाताऱ्याचा भाग सांगायचास, मग मी त्याच जागेपासून गॉगलवाल्याचा. बाजाराला आलेली माणसं सोयाबीनचा भाव ऐकून यायची आणि म्हाताऱ्याचा गुडघा कसा आहे ते विचारायची. शिरड शहापूरची जीप भरलेली उभी राहायची आणि ड्रायव्हर म्हणायचा, "भाग होऊ द्या, मंग सोडतो." एकदा त्या जीपमध्ये नवी नवरी होती, तीही उतरून ऐकायला आली आणि सासरी जायला रात्र झाली. हे खरं आहे. नवरदेवानं तक्रार केली नाही, कारण तो आधीच आत बसून ऐकत होता.

आणि चौकीचे जमादार! पहिल्यांदा ते काठी घेऊन आले, कारण कुणीतरी जाऊन सांगितलं की हॉटेलात दोन माणसं एका खुनावरून मारामारीला आली आहेत. दारात उभं राहून त्यांनी दहा मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "बॉडी हलवली तवा पंचनामा केला होता का?"

"न्हाई दिसला," तू म्हणालास.

"मंग तुमचा म्हातारा सस्पेंड होतो. लिहून घ्या." आणि ते बसले. पुढं दर बाजाराला पहिल्या बाकावर. गॉगलवाल्यावर त्यांचा फार राग. "हा कवा बी ठाण्यात दिसत न्हाई. ह्याचा पगार कोण काढतं?"

आपलं खरं भांडण वेगळं होतं, ते आपण घरी जाताना करायचो. तू म्हणायचास, "ज्याला सोताची गोष्ट न्हाई तो दुसऱ्याची उचलतो." मी म्हणायचो, "अरे, शिरडच्या पोरानं जवळ्याची पोरगी केली तर ती चोरी झाली का? नांदायला गेली ती." तू म्हणायचास, नांदायला गेली तर गेली, तिचं नाव, गाव, चालणं, बोलणं सगळं बदलून टाकलं, मग राहिलं काय तिचं? मी म्हणायचो, एकाच पिशवीतलं बियाणं काळ्या रानात वेगळं उगवतं आणि मुरमाड रानात वेगळं. पाऊस तसा दाणा. अमेरिकेच्या माणसाला खाडी नाही, त्यानं वाळवंटात पेरलं. तू म्हणायचास, "पेरलं ठीक. मळणीयंत्र कुणी घातलं?"

मळणीयंत्र मी गोष्टीतून काढलं नाही. आजही काढणार नाही.

तुला म्हाताऱ्याचं काय आवडायचं ते मला ठाऊक होतं. तो थांबायचा. तू शूटिंगला जायचास तेव्हा गिऱ्हाईक म्हणायचं, फुलं टाका, बदाम टाका, नवरा-नवरी चंद्रात दाखवा. तू सगळं टाकायचास, पोट होतं. पण मधेच कुठंतरी कॅमेरा नको तिथं थांबवून ठेवायचास. माझ्या पोरीच्या, रेखाच्या लग्नाची सीडी दिलीस तेव्हा मी तुझ्या स्टुडिओत येऊन आरडाओरडा केला होता. वरात गेली, मांडव रिकामा, आणि तू माझ्यावर कॅमेरा धरून बसला होतास. मी खुर्च्या गोळा करतोय. एक उचलतो, दुसरीवर ठेवतो, पुन्हा काढतो. कितीतरी वेळ तेच.

"हे काय? पाहुणे सोडून मला काढलं? तेही खुर्च्या उचलताना? मी काय मांडववाला हाय?"

तू म्हणालास, "त्या खुर्च्या तुझ्या न्हवत्याच दिग्या. मांडववाल्याची पोरं उचलणार होती. तू काहून उचलून राहिला होता?"

मी तुला शिव्या दिल्या आणि निघून गेलो. परवा सगळे झोपल्यावर नाही, भर दुपारी, दुकान बंद ठेवून मी ती सीडी लावली. बदाम, चंद्र, फुलं पळवत नेली आणि तिथं थांबलो. गौतम, त्या खुर्च्या उचलताना जितका वेळ मी गप्प होतो तितका आयुष्यात कधीच राहिलो नाही. आणि त्याचा पुरावा तू ठेवलास. हे मला तेव्हाच कळलं होतं, पण तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तू लगेच म्हणाला असतास, म्हणजे म्हातारा जिंकला. म्हणून सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं.

तू गेलास तेव्हा म्हाताऱ्याचा एकच भाग राहिला होता. माझा गॉगलवाला कधीच संपला होता. बावीस भाग, तीन स्फोट. स्फोट एकच होता, पण तीन वेगवेगळ्या बाजारी सांगितला. खुनी सापडला, झेंडा फडकला, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. तुझा म्हातारा मात्र सहाच डिस्कचा आणि तू तो ऊस चघळल्यासारखा सांगायचास. एका डिस्कचे चार-चार बाजार. मधे लग्नसराई आली की म्हातारा रजेवर. लोकांनी कुरकुर केली नाही. आणि शेवटच्या बाजारी तू उठून म्हणालास, "पुढच्या बाजारी शेवट. कुणी मारलं ते सांगतो. आन त्याच्या मायला काय सांगितलं ते पण."

सगळ्यांच्या जिवाला तीच माय लागून राहिली होती. मेलेल्या पोराची माय. तुझ्या गोष्टीत ती खाडीकाठच्या घराच्या पायरीवर बसलेली असायची. म्हातारा दर भागात एकदा तिच्याकडं जायचा. ती त्याला चहा द्यायची. तो गुडघा चोळत बसायचा. ती विचारायची नाही, तो सांगायचा नाही. मग तो उठून जायचा. बस. एवढंच. आणि एवढं सांगताना तू स्वतः चहाचा घोट घ्यायचास आणि गप्प राहायचास, आणि अख्ख्या हॉटेलात फक्त स्टोव्हचा आवाज. मी तिथं जीप उडवली असती. माझ्या अमेरिकेत माय नव्हतीच. "तुझ्यावाल्यांनी माय काढून टाकली," तू म्हणायचास, "यातच कळलं काय लायकीची नक्कल हाय ती."

तुझं बोलणं झालं की बाहेरून सुंदरमावशी विचारायची, "सांगितलं का रे तिला कोणी काही?"

"आजून न्हाई मावशी."

"बरं," ती म्हणायची आणि मिरच्या वर-खाली करायची. खुनी कोण, मालक का भाऊ, याच्यावर जमादार आणि चाचा पैज लावून बसले होते. मावशीनं ते एकदाही विचारलं नाही. तिचा पोरगा अशोक ट्रकवर क्लिनर म्हणून गेला तो परत आला नाही, हे साऱ्या बाजाराला माहीत. कुणी म्हणालं ट्रक उलटला, कुणी म्हणालं गुजरातेत दिसला. कागद नाही, कपडा नाही, माणूस नाही, निरोप नाही. वर्षं झाली. बाजारात तिला त्याबद्दल कुणी विचारत नाही आणि ती सांगत नाही.

आणि पुढच्या बाजाराच्या आधीच तू गेलास. सकाळी स्टुडिओचं शटर वर केलंस आणि खाली बसलास, बस. त्यावर मी लिहिणार नाही. ते इतकं साधं होतं की त्यात मला काहीच घालता आलं नाही.

मग लोक माझ्याकडं यायला लागले. आधी चाचा. मग जमादार, टोपी हातात घेऊन. "दिगांबरशेठ, शेवट राहिला ना. भाऊ सांगतो म्हणून गेले. आता तुमीच सांगा. पण ते हेलिकॉप्टर-बिलिकॉप्टर नको. म्हाताऱ्याचा खरा शेवट सांगा."  आणि मावशीनं त्या बाजारी मिरच्यांचं पोतं नेहमीच्या जागेवरून उचलून हॉटेलच्या बाकाच्या आणखी जवळ सरकवलं. मी ते पाहिलं.

तुझा जलदानविधी झाला आणि मी तुझ्या घरी गेलो. वहिनी आतल्या खोलीत होत्या. तुझी प्रज्ञा औरंगाबादहून आलेली, कॉलेजला इंग्रजी घेतलेली पोरगी. मी म्हणालो, "बेटा, तुझ्या पप्पानं एक काम अर्धं ठेवलं. ती सहावी डिस्क लाव आन मला मराठीत सांग."

तिनं लावली. मी टीव्हीसमोर मांडी घालून बसलो. म्हातारा आला, गुडघा दुखत होता. मला इतका आनंद झाला की मी त्याला जयभीम घातला. प्रज्ञा सांगत गेली, मी ऐकत गेलो. खुनी मालकच निघाला. चाचा पैज जिंकला. म्हाताऱ्यानं त्याला ठाण्यात नेलं, दिवा घालवला आणि घरी जाऊन बिस्कीट खाल्लं. संपलं. नावं वर जायला लागली.

"आन माय?" मी म्हणालो.

"कोणाची?"

"पोराची. पायरीवर बसती ती. तिला सांगायचं राहिलं ना."

प्रज्ञानं माझ्याकडं पाहिलं. "काका, त्याची आई तर आधीच वारलेली असती. पहिल्याच भागात. टेबलावर फोटो हाय ना तिचा."

"पहिली लाव."

पहिली लावली. फोटो होता. दुसरी लावली, तिसरी, चौथी, पाचवी. वहिनी दोनदा चहा घेऊन आल्या. खाडी होती, पायऱ्या होत्या, पायऱ्यांवर एक मांजर होतं. माय नव्हती. म्हातारा कुणाच्या घरी गुडघा चोळत बसत नव्हता. चहाचा घोट घेऊन गप्प राहणं नव्हतं. तू ज्या ज्या जागी आम्हा सगळ्यांना श्वास धरायला लावलास त्यातली एक जागा त्या सहा डिस्कमध्ये नव्हती.

गौतम! अरे गौतम! मी तुझ्या घरात, तुझ्या फोटोसमोर, वहिनींसमोर जोरात हसलो. मला थांबवता येईना. अस्सलच्या नावानं वर्षभर माझी मानगूट धरणारा, मळणीयंत्रावरून भर बाजारात माझी अब्रू काढणारा, बूथवरून लंडनला फोन लावणारा तू, तू माझा बाप निघालास! मी उडवल्या त्या जीपा. तू एक अख्खी बाई उभी केलीस, तिला घर दिलंस, पायरी दिलीस, चहाची किटली दिलीस, आणि विलायतेच्या सरकारला पत्ता लागू दिला नाहीस. मी अमेरिकेत मळणीयंत्र नेलं तर तू बाकावर चढलास. तू इंग्लंडात माय नेलीस तर कुणी हटकलं नाही!

वहिनी दारात उभ्या होत्या. "भाऊजी, काय झालं?"

"वहिनी, तुमच्या नवऱ्यानं मला फसवलं."

"त्यात काय नवीन?" त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर जरा हसू आलं. ते तुला पोचवायचं होतं, म्हणून लिहिलं.

घरी येताना मात्र माझं हसू वाटेत कुठंतरी सांडलं. मी हिशेब लावत होतो, ती माय गोष्टीत आली कधी. पहिल्या एक-दोन बाजारी ती नव्हती. तेव्हा मावशी रस्त्याच्या पलीकडं, किराणा दुकानाच्या सावलीला बसायची. मग दुकानदारानं तिला उठवलं आणि ती हॉटेलच्या बाजूला आली. त्याच बाजारी म्हातारा पहिल्यांदा पायरी चढला. तेव्हा मी तुला विचारलं होतं, "ही कुठून आली रे मधेच?" आणि तू म्हणाला होतास, "होती की. तू नीट ऐकत न्हाईस."

म्हणजे आता माझी पंचाईत बघ. डिस्कवरचा खरा शेवट सांगितला तर तुझी माय पायरीवर बसलेलीच राहते. जन्मभर. आणि ती तिथं बसून राहिली तर हॉटेलच्या बाहेर मिरच्यांमागं बसलेली पण बसून राहते. म्हाताऱ्याला त्या घरी पाठवायलाच पाहिजे होतं. पण पाठवायचा कुणी? तू सोडून तो रस्ता कुणाला माहीत होता? मला हेलिकॉप्टर येतं. स्फोट येतो. पायरी येत नाही.

मी चार दिवस दुकानात बसून तोंडातल्या तोंडात पुटपुटत होतो. एका गिऱ्हाइकाला सोयाबीनच्या जागी तुरीचं बी दिलं. बायको म्हणाली, "काहून बडबड करून राहिले एकटेच?" मी म्हणालो, "इंग्लंडात काम हाय."

बाजाराच्या दिवशी मी उभा राहिलो. बाकावर नाही, खालीच. शिरडची जीप उभी. जमादार पहिल्या बाकावर. मी सांगितलं. मालकाला कसा पकडला ते सांगितलं, आणि शपथेवर सांगतो, एकही गाडी उडवली नाही. एका जागी जीप आली, तिलाही मी हळू चालवली. जमादारांसाठी एक पंचनामा घातला, तुझी हरकत नसावी. चाचानं पैज जिंकल्याबद्दल पहिल्या बाकाला फुकट चहा दिला आणि मग उरलेल्यांना पैसे लावले.

मग म्हातारा पायऱ्या चढला. मी थांबलो. तुझ्यासारखा घोट घेतला. चहा गरम होता, जीभ पोळली, पण मी हललो नाही. स्टोव्हचा आवाज आला. आणि गौतम, मला तेव्हा असा जोश चढला! मला वाटलं, आली, आपल्याला पायरी आली! म्हातारा तिच्याशेजारी बसला. म्हणाला, "बाई, तुमच्या पोराला मालकानं मारलं. त्यानं कबूल केलं. मी सोता त्याला आत टाकून आलो." ती उठली. तिनं म्हाताऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं, आणि जी रडली, जी रडली, की खाडीचं पाणी वर चढलं! बोटी हलल्या! चर्चची घंटा आपोआप वाजली! "साहेब," ती म्हणाली, "आज माझं लेकरू घरी आलं!"

घंटेचं मला माफ कर. ती तोंडातून निघून गेली.

पण हॉटेल रडलं, गौतम. जमादार टोपीत तोंड घालून रडले. ड्रायव्हरनं जीपचा हॉर्न वाजवला, मग त्याची त्यालाच लाज वाटली. चाचा म्हणाला, "या अल्ला, क्या खतम किया." लोक उठून मला हात मिळवायला लागले. मी घामानं निथळत होतो आणि छाती अशी फुगली होती की शर्टाचं एक बटण तुटून भज्यांच्या परातीत गेलं.

मी बाहेर आलो. सुंदरमावशी एका बाईला पावशेर मिरच्या तोलून देत होती. मी समोर उकिडवा बसलो. ती बाई जाईपर्यंत वाट पाहिली. मग म्हणालो, "झालं मावशी. सांगितलं तिला. संपली बघ गौतमाची गोष्ट."

तिनं तागडी खाली ठेवली. सांडलेल्या दोन मिरच्या उचलून ढिगावर टाकल्या.

"संपली कुठं?" ती म्हणाली. "पोराचे कपडे वापस दिले का तिला?"